भिंतीखालून गेलेली सूर्यफुलं

१४ मार्च

सूनबाई,

आधी कागदावर 'सौ.' लिहिलं, मग खोडलं. मग वाटलं, खोडलेलं पाहून तू जास्त चिडशील, म्हणून कागदच बदलला. गेल्या चार वर्षांत तुला काय म्हणायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा जुनंच चालवून घे.

कामाचं लिहिते. तू परसात लावलेली बारमाही सूर्यफुलं भिंतीखालून शेजारी गेली आहेत.

शेजारी म्हणजे तेच, ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर. आता निवृत्त झालेत, त्यामुळे दिवसभर बागेत असतात आणि सगळं त्यांच्या नजरेला पडतं. काल सकाळी हातात एक कोंब घेऊन दारात उभे. कोंबाला वीतभर पांढरी मुळी. पकडलेला चोर दाखवावा तसा माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"सूर्यफूल," मी म्हटलं.

"ते मला कळतं. माझ्या गाजराच्या वाफ्यात काय करतंय?"

"ते गाजरांना विचारा."

ते हसले नाहीत. म्हणाले, "पंधरा दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर मी तणनाशक ओततो. मग भिंतीच्या कुठल्या बाजूला काय मेलं ते मला विचारायला येऊ नका."

मला झाडांतलं काय कळतं! एकतीस वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात कापड कापलं. कापड जिथे ठेवावं तिथे राहतं. ही तुझी झाडं पहिल्या वर्षी तीन होती, आता मोजायची सोय नाही. तू बारमाही म्हणालीस तेव्हा मला वाटलं बाराही महिने फुलतील. थंडीत सगळं वाळून गेलं तेव्हा मी तुला हसले होते, आठवतं? दरवर्षी वाटतं आता गेली, आणि दरवर्षी मार्चमध्ये डोकं वर काढतात.

तुझा पत्ता मास्तरांच्या बायकोकडून मिळाला. तिने तुमच्या नर्सरीचं माहितीपत्रक मागवलं होतं, त्यात 'बारमाही फुलझाडं विभाग' याच्याखाली तुझा फोटो. केस कापलेस. बरे दिसतात.

तेवढं काय करायचं ते कळव. तो बरा आहे, लिफ्टच्या कंपनीतच आहे. मी लिहितेय हे त्याला ठाऊक नाही. तुमच्यात जे झालं ते तुम्हा दोघांतलं, मी त्यात कधी पडले नाही आणि आताही पडत नाही. प्रश्न फक्त झाडांचा आहे.

आई


५ एप्रिल

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. आठ ओळी, वर काही नाही, खाली काही नाही. पण एक ते सहा आकडे घालून लिहिलंस ते बरं केलंस, मला तसंच कळतं.

सांगितलंस तसं केलं. कोंब दोन बोटं वर आल्यावर पूर्ण ठोंब उकरून काढला. बाहेरच्या कडेचे जोमदार तुकडे ठेवले, मधला म्हातारा भाग टाकून दिला. (हे वाचताना जरा लागलं, पण असो.) तीन-तीन कोंबांचे चार तुकडे परत लावले, दोन-दोन फुटांवर. मोजायला माझा टेप होताच. मास्तरांच्या बाजूची मुळं त्यांनी स्वतः खणून काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून मला परत दिली, जणू माझी भांडी त्यांच्याकडे राहिली होती.

भिंतीलगत पत्रा पुरायचं काम माझ्याच्याने होणारं नव्हतं. रविवारी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "पत्रा पुरायचं हे कुणी सांगितलं?"

"तिने."

फावडं त्याच्या हातात होतं. मला वाटलं आता ठेवून देतो आणि आत जातो. पण म्हणाला, "किती खोल म्हणाली?"

"दीड फूट."

त्याने दोन फूट खणलं. दुपारी जेवायलासुद्धा आला नाही, मीच ताट बाहेर नेलं.

दुसरं एक तुला सांगून ठेवते. ही झाडं चार वर्षं जगली ती माझ्यामुळे नाही. दर पावसाळ्यात ती आडवी पडायची, तेव्हा तोच लिफ्टची जुनी तार आणून बांधायचा. मी त्याला कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. आमच्या घरात बोलणं किती होतं ते तुला माहीतच आहे. तू होतीस तेव्हा तू बोलायचीस आणि आम्ही दोघं ऐकायचो, त्यालाच आम्ही गप्पा म्हणायचो.

खत अजिबात घालू नका असं तू लिहिलंस. मी मूठभर घातलं होतं. काढून टाकता येत नाही ना?

आई


७ जून

सूनबाई,

तुझ्या दुसऱ्या कार्डाप्रमाणे आज झाडं अर्ध्यावर कापली. आठवडाभर मी कात्री घेऊन जात होते आणि तशीच परत येत होते. एवढी हिरवीगार, कंबरेइतकी आलेली झाडं, त्यांना काही झालेलं नसताना अर्ध्यावर कापायचं म्हणजे काय? पण तू लिहिलंस की आत्ता कापली तर फांद्या जास्त फुटतात, झाड ठेंगणं राहतं, पडत नाही, आणि फुलं दहा-बारा दिवस उशिरा पण दुप्पट येतात. म्हटलं, ठीक. खडूने प्रत्येक दांड्यावर खूण केली आणि एका ओळीत कापली. मास्तर भिंतीवरून बघत होते. "शाळेच्या मुलांचे केस कापल्यासारखी कापलीत," म्हणाले. ते हल्ली रोज बघतात. त्यांच्या बाजूला एक कोंब राहून गेलाय, तो काढा म्हटलं तर "राहू दे, एक काय जड आहे" म्हणतात.

तुझ्या वकिलाचा लिफाफा शुक्रवारी आला.

त्याने वाचला आणि फ्रिजवर ठेवला, त्याच्या टॉर्चखाली. अजून सही केलेली नाही. करणार नाही असंही म्हणालेला नाही. तो कामावर असताना मी वाचला. दुसऱ्याचं टपाल वाचू नये हे कळतं मला. वाचला.

तिसऱ्या पानावर कारण दिलंय. पतीने माझं नेमणुकीचं पत्र जाणूनबुजून लपवलं, त्यामुळे माझी नोकरी गेली आणि विश्वास उरला नाही.

पाऊस अजून नाही. दिवसाआड पाणी घालते.

आई


१२ जून

सूनबाई,

हे पत्र मी पाचव्यांदा लिहितेय. आधीची चार फाडली, त्यात झाडांचंच जास्त होतं.

तुझं पत्र त्याने लपवलं नाही. मी लपवलं.

आता सरळ सांगते. ते मंगळवारी सकाळी आलं. तू आंघोळीला गेली होतीस, तो कामावर. लिफाफ्यावर त्या वनस्पती उद्यानाचं नाव छापलेलं होतं. तू मुलाखत देऊन आलीस त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. एवढं मोठं उद्यान, काचेची घरं, राहायला खोली, इथून दिवसभराचा प्रवास. तो म्हणायचा, जाऊ नकोस. तू म्हणायचीस, मग तू चल, लिफ्ट काय तिकडे नाहीत? रोज रात्रीच्या जेवणाला हेच. मी आमटी वाढायचे आणि गप्प बसायचे.

लिफाफा उघडला नाही. हातात धरल्यावरच कळलं. नकाराचा लिफाफा एका कागदाचा असतो, हा जाड होता. शर्टाच्या कागदी नमुन्यांचा माझा गठ्ठा शिवणयंत्राच्या खालच्या खणात असतो ना, त्यात मधोमध सरकवला. तू डोकं पुसत बाहेर आलीस आणि विचारलंस, "आई, टपाल आलं?" मी म्हटलं, "नाही."

मला वाटलं होतं, दोन दिवस ठेवीन. मग वाटलं, आता दिलं तर दोन दिवस का ठेवलं ते सांगावं लागेल. मग तीन झाले. मुलाखतीतच सांगितलेली रुजू व्हायची तारीख उलटून गेली आणि तू चौकशीला फोन केलास, तेव्हा त्यांनी सांगितलं की पत्र कधीच पाठवलं, तुम्ही आला नाहीत म्हणून पुढच्या माणसाला घेतलं. तू फोन ठेवलास आणि सरळ त्याच्याकडे गेलीस. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की मी पाहिलेलंही नाही. तू विश्वास ठेवला नाहीस. माझ्याकडे वळून विचारलंस, "आई, तुम्ही तरी पाहिलंत का?"

मी म्हटलं, "टपालाकडे मी बघत नाही."

आणि यंत्र चालू केलं. काय शिवत होते ते आठवत नाही.

त्यानंतर सहा महिने तू घरात होतीस. त्या सहा महिन्यांत रोज एकदा तरी सांगता आलं असतं. तू बॅगा भरत होतीस तेव्हासुद्धा. मूग गिळून बसले. वाटलं, तू जातेच आहेस, आता सांगून तू मला नावं ठेवणार आणि तोही ठेवणार. दोघंही गेलात तर मी काय करू?

त्याच्यासाठी केलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. त्याचा संसार मोडू नये म्हणून. ते खरं नाही. निवृत्तीला माझे सात महिने उरले होते. कारखान्यात चाळीस बायकांचा गलबला, आणि घरी तू. तू गेली असतीस तर माझ्यासमोर नुसता तो राहिला असता, आणि त्याच्यासमोर मी. तुला जाऊ द्यायचं नव्हतं ते मला.

क्षमा मागत नाही. ती मागून तुझ्यावरच काम टाकल्यासारखं होतं. पण वकिलाच्या कागदावर त्याच्या नावाने जे लिहिलंय ते माझं आहे. तो शपथेवर खरं बोलला होता. सही व्हायच्या आधी एवढं तुला ठाऊक असायला हवं. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव.

लिफाफा अजून आहे. सोबत पाठवतेय. अजूनही बंदच आहे.

आई


२८ सप्टेंबर

सूनबाई,

साडेतीन महिने टपालपेटीत फक्त विजेची बिलं आली. तू लिहिणार नाहीस हे मी धरून चालले होते. झाडांना काय करायचं ते आधीच्या कार्डांवर होतं, तेवढ्यावर भागवलं.

आणि काल तुझं पत्र. पत्र, कार्ड नव्हे. पाकीट फोडायला दुपार घालवली.

मला जे लिहिलंस ते वाचलं. "त्या एका खोट्यामुळे मी चार वर्षं एका माणसाचा तिरस्कार केला, आणि त्यात माझाही वेळ गेला." हे वाक्य मी पाठ केलंय. शिव्या दिल्या असत्यास तर सोपं गेलं असतं.

तू यायचं म्हणतेस. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. फिकट लिंबाच्या रंगाचा हा वाण तुमच्या नर्सरीत कुणाकडे नाही, आहेत ते सगळे गडद पिवळे, म्हणून ठोंबाचा तुकडा न्यायला. आणि सही करण्याआधी त्याच्यासमोर एकदा बसायला. "चार वर्षांपूर्वी त्याचं ऐकून घेतलं नाही, ते आता ऐकते," असं लिहिलंस. ये. मी घरात नको असेन तर मास्तरांकडे जाऊन बसेन, त्यांची बायको नाहीतरी बोलावतच असते.

फुलं आली आहेत. तू म्हणालीस तशीच, दुप्पट. झाडं माझ्या खांद्याच्या वर गेली नाहीत आणि यंदा एकालाही तार लागली नाही. मधमाश्या इतक्या की परसात कपडे वाळत घालताना सांभाळून हात घालावा लागतो. मास्तरांनी ठेवलेल्या त्या एका कोंबाचं केवढं झुडूप झालंय! मी सहज म्हटलं, "काढायचं का आता ते?" तर म्हणाले, "भिंतीच्या अलीकडे आलं ते आमचं. पाहुणे विचारतात याच्याबद्दल." गाजराचं नाव काढत नाहीत.

तू येतेस हे त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "झाड न्यायला." त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी केस कापून आला.

मी तुला काय लिहिलं ते त्याला अजून सांगितलेलं नाही. तू यायच्या आधी सांगेन.

आई


३ नोव्हेंबर

सूनबाई,

हे पत्र तू निघायच्या आधी पोचायला हवं, म्हणून आजच टाकतेय.

रविवारी आम्ही दोघं वाळलेली झाडं कापत होतो. तो दांडे कापत होता, मी मोळ्या बांधत होते. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. त्याच्याकडे न बघता सांगून टाकलं. "ते नेमणुकीचं पत्र मी लपवलं होतं. तिला जूनमध्ये कळवलंय सगळं. तुझ्यावरचा आळ गेला."

मला वाटलं तो ओरडेल. निदान कात्री फेकेल. तो पुढचा दांडा कापत राहिला.

"मला माहीत होतं," म्हणाला.

मी म्हटलं, "काय माहीत होतं?"

"तुझ्या खणात होतं. टेप शोधत होतो, तेव्हा दिसलं."

"मग काढून तिला का नाही दिलंस?"

त्यावर त्याने मलाच विचारलं, "तू कशाला ठेवलं होतंस?"

"ती जाऊ नये म्हणून."

"मग," तो म्हणाला. एवढंच. आणि मोळी उचलून भिंतीशी नेऊन ठेवली.

मी पायरीवर बसले. मग माझ्या एकेक लक्षात यायला लागलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली तेव्हा पत्र कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. मी यंत्रावर बसून मनात म्हणत होते, बिचारा खरं बोलतोय आणि माझ्यामुळे बोलणी खातोय. आणि तो माझ्याकडे बघून काय म्हणत असेल? माझी खोटी शपथ घेतली आणि मला त्यानंतर साधी सर्दीही झाली नाही. चार वर्षं एका टेबलावर जेवलो. त्याने मला सांभाळलं, मी त्याला सांभाळलं, आणि दोघांनी मिळून तुला घराबाहेर घालवलं.

तेव्हा तू चुकली नव्हतीस. त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीस ते बरोबरच होतं. जूनमध्ये मी तुला लिहिलं की तो शपथेवर खरं बोलला. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं, पण ते खरं नव्हतं.

दोन दिवस हे पत्र लिहावं की नाही याचा विचार केला. तुझ्यापासून काय लपवू? तू इथे येणार ती त्याच्यावर अन्याय झाला असं समजून. त्याने केस कापलेत. पुढच्या खोलीतला दिवा चार वर्षं लुकलुकत होता, तो त्याने दुरुस्त केला. मी गप्प राहिले तर कदाचित सगळं जुळूनही येईल. मी आई आहे त्याची, हा विचार मनात आला नाही असं कसं म्हणू? पण मग तू पुन्हा या घरात येशील ती आमच्या खोट्यावर, आणि या खेपेला तर मी पूर्ण शुद्धीत असेन.

त्याच्या बाजूने एकच सांगते. त्याला ते कधी दिसलं ते मी विचारलेलं नाही. बहुतेक रुजू व्हायची तारीख उलटून गेल्यावरच दिसलं असेल, म्हणजे देऊनही उपयोग नव्हता. मी तसं धरून चालते.

आता यायचं की नाही ते ठरव. नाही आलीस तर ठोंबाचे दोन तुकडे ओल्या गोणपाटात बांधून नर्सरीच्या पत्त्यावर पाठवते. जमीन अजून मऊ आहे, काढायला त्रास नाही. आलीस तर दुपारच्या गाडीने ये, सकाळची फार रखडते.

आई

ता. क. पाकीट न चिकटवता त्याला वाचायला दिलं. नुकताच कामावरून आला होता, हातांना ग्रीस होतं, म्हणून मी कागद धरला आणि त्याने मोरीपाशी उभ्यानेच वाचला. शेवटी आल्यावर पुन्हा थोडं मागे गेला. मग म्हणाला, "ते तारखेचं चुकलंय."

"काय चुकलंय?"

"उलटून गेल्यावर नाही. रुजू व्हायला नऊ दिवस बाकी होते. मी मोजले होते."

मी म्हटलं, "तेवढं लिहायलाच हवं का रे?"

तो हात धुवायला लागला. "लिही," म्हणाला, "मग मीच टाकून येतो."

नऊ दिवस बाकी होते.